टाचेचा पास

एके काळचा नावाजलेला फुटबॉलपटू तो, पुलगावच्या मैदानावर आमच्या संघातून एकदाच खेळला, अठ्ठ्याहत्तर साली. दारूच्या नशेतल्या मारामारीपायी तो तुरुंगात जाऊन आला होता. पोट सुटलं होतं, पळणं संपलं होतं. रोज पहाटे नाचणगावपर्यंत धावणारा मी सामनाभर धापा टाकत होतो. त्याने मात्र कमरेवर हात ठेवून उभ्याउभ्याच टाचेने मागे पास दिला. त्यावर गोल झाला आणि सगळे त्याच्याच नावाने ओरडले. माझा नुसता जळफळाट झाला.

सामन्यानंतर बुटाची नाडी सोडत तो मला म्हणाला, "असा काऊन पाहून राह्यला? माह्यासारखं खेळाचं हाय? मले तं तुह्यासारखं घरी जावं वाटते. मले कोणी घरात घेत नाई."

मी घरी गेलो. बायकोने ताट वाढलं. जेवतानाही मला त्याचा हेवाच वाटत होता.