गाळपेरीच्या वळणावर

या सदरातले अनुभव मी आजवर चिवडा खात खात वाचत आले. कुणाला विहिरीपाशी बाई दिसली, कुणाच्या दारावर टकटक झाली... वाचायचं, हसायचं आणि बहिणीला फॉरवर्ड करायचं. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आज आहे, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. पण हे लिहिताना माझे बाबा समोर अंगणात ऊन खात बसलेत, आणि ते तिथे कसे बसू शकले याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून लिहायला घेतलं.

मी सुषमा, राहणार आंजी (मोठी), जिल्हा वर्धा. आई, बाबा आणि मी, एवढंच घर. माझा व्यवसाय ऐकून लोक आधी हसून घेतात – मी बॅकपॅकर लोकांची बस टूर चालवते. "वर्ध्यात कुठले आले डोंगर नि तलाव?" असं पुण्याची मंडळी हमखास विचारतात. मग त्यांना पवनारहून बसमध्ये घालायचं, सकाळच्या उन्हात बोर धरणाचं पाणी दाखवायचं, सागाच्या जंगलातून चढउतार करत धाम नदीच्या धरणाच्या काठाने न्यायचं आणि कारंजा घाडगेजवळ संत्र्याच्या बागेत तंबू ठोकायचे. परत जाताना हीच मंडळी "ताई, पुढची बॅच कधी?" म्हणतात. बस म्हणजे शाळेची जुनी मिनीबस, हिरवा रंग मारून नवी केलेली. ती चालवतात माझे सख्खे मामा. मामांनी उभी हयात याच रस्त्यांवर भाजीचा टेम्पो चालवला. ते रस्ता चुकतील ही शक्यता आमच्या घरात कुणी बोलूनही दाखवली नसती.

बाबा भाजीवाले शेतकरी. धरणाचं पाणी ओसरलं की जो गाळ उघडा पडतो, त्यात भाजीपाला, टरबुजं लावतात. त्याला गाळपेर म्हणतात. बाबांनी कितीतरी वर्षं धामच्या काठी गाळपेर केली. मी लहान असताना उन्हाळाभर तिथेच मुक्काम असायचा. पोपट आले की बाबा हात वर करून "हाऽऽ... हुर्रऽऽ" अशी आरोळी ठोकायचे, ती पलीकडच्या काठावर ऐकू जायची.

गेली काही वर्षं त्यांना विसर पडतो. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, मग जेवलो की नाही ते, आणि आता मी कोण तेच. मला ते शाळेतल्या बाई समजतात. "बाई, चहा घेता का?" असं अदबीने विचारतात. मी घेते. रडत बसून काय होणार?

त्या दिवशी आम्ही बोर धरणाच्या काठी होतो. पळस फुलला होता, पोरं फोटो काढत होती, मी तर्री-पोहे वाढत होते. तेवढ्यात आईचा फोन आला.

"सुषमा, तुहे बाबा दिसून नाई राह्यले वं. सकाळी अंगणातच होते. मी भाकरी टाकाले आत गेलती, तेवढ्यात... सारं गाव पाहून झालं. विहिरीत वाकून पाह्यलं लोकायनं."

मी ग्रुपला सांगितलं की टूर इथेच संपली, वाटेत सोडते, एसटी पकडा. त्यांच्यात रितिका म्हणून पुण्याची एक मुलगी होती, दर सुट्टीला कुठला ना कुठला डोंगर चढणारी. ती म्हणाली, "ताई, काहीतरीच काय! आम्ही पण शोधायला येतो. जेवढे डोळे तेवढं बरं." सगळे सॅक उचलून बसमध्ये चढलेसुद्धा. त्यातल्या कुणाचंही माझ्याशी नातं नव्हतं. हे मी कधी विसरणार नाही.

मामांनी डोंगरातला रस्ता धरला, आंजीला तोच जवळचा. थोड्या वेळात मोबाइलची रेंज गेली. डाव्या हाताला धामच्या धरणाचं पाणी लागलं. तिथल्या वळणावर मोहाचं एक झाड आहे, वीज पडून अर्धं जळालेलं, आणि त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड. ते वळण गेलं की सागाचं जंगल, एक चढ, एक उतार, मग सरळ गावाचा रस्ता. मध्ये फाटा म्हणून नाही.

मोह गेला. साग लागला. चढलो, उतरलो... आणि डाव्या हाताला पुन्हा पाणी. पुन्हा तोच जळका मोह.

मला वाटलं, घाबरल्यामुळे आपल्यालाच भास होतोय. मामांनी डोक्यावरची टोपी काढून डॅशबोर्डवर ठेवली. पुन्हा साग, पुन्हा चढ, पुन्हा उतार. आणि पाणी. आता मागून रितिकाच म्हणाली, "ताई... हे झाड आत्ताच गेलं ना?"

मामांनी करकचून ब्रेक मारला.

"गाडी काऊन थांबवली मामा?"

"चकवा लागला, पोरी. आता अशीच दामटली तं संध्याकाळ होईन, पन आंजी येनार नाई."

मी भडकले. "भर दिवसा? डांबरी रस्त्यावर? बाबा कुठल्या विहिरीत असतील, कुठे पडले असतील, आणि तुम्ही चकवा घेऊन बसलात! उठा, मी चालवते!"

मामांनी किल्ली काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"भाऊजी माहे कोनी नाई लागत का? मले का मजा येऊन राह्यली का? उतर खाली. सारेच उतरा. जोडे काढजा, भुईवर बसजा, दोन घास खाजा. मंग जोडे उलट्या पायात घालून चार पावलं चालजा. माह्या बापानं सांगतलं तेवढंच मले मालूम हाये."

ते माझे मामा नसते तर मी त्यांच्या खिशात हात घातला असता. पण सगळे उतरले. इंजिनिअरिंग केलेली, मोठमोठ्या कंपन्यांत काम करणारी ती पोरं मुकाट्याने बूट काढून रस्त्याकडेला बसली. कुणी हसलं नाही. आईने डब्यात दिलेले मुरमुऱ्याचे लाडू मी वाटले, स्वतः एक हातात घेतला. मनात मामांना शिव्या घालत मी डावा बूट उजव्या पायात कोंबला आणि उभी राहिले.

इंजिन बंद होतं. वारासुद्धा नव्हता. आणि खालून, पाण्याच्या बाजूने, अगदी बारीक आवाज आला.

"हाऽऽ... हुर्रऽऽ"

पुढचं मला नीट आठवत नाही. उलट्या बुटांनी मी पाण्याकडचा उतार कशी धावत उतरले, देव जाणे. खाली पाण्याच्या कडेला, आमच्या जुन्या गाळपेरीच्या जागी, बाबा कमरेपर्यंत गाळात रुतले होते. ओठ सुकलेले, आवाज बसलेला, दोन्ही हात वर, आणि गळ्यात कापडी पिशवी. मी तशीच गाळात शिरणार होते. रितिकाने मला दंडाला धरून मागे ओढलं. पोरांनी तंबूत झोपायच्या मॅट धावत आणल्या, गाळावर एकापुढे एक अंथरल्या, त्यावर पालथं पडून बाबांच्या काखेतून दोर घातला आणि हळूहळू त्यांना ओढून काढलं. मामा एकीकडे रडत होते, एकीकडे रागावत होते.

"भाऊजी, इथं काऊन आले तुमी एकटे?"

"टरबूज लावाचं होतं न," बाबा म्हणाले. पिशवीत बिया होत्या.

मागून कळलं की गावाबाहेर एका मोटरसायकलवाल्याने त्यांना बसवून धरणाकाठी आणून सोडलं होतं. शेतावर जायचंय, असं बाबा इतकं व्यवस्थित बोलले की त्या बिचाऱ्याला शंकाही आली नाही. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून थोडा उशीर झाला असता तर या वयात काही खरं नव्हतं. आणि आमची बस नीट रस्त्याने गेली असती, तर? तर आम्ही आंजीत पोचलो असतो आणि अंधार पडेपर्यंत विहिरी धुंडाळत राहिलो असतो. धरणाकडे यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. माझ्यासुद्धा नाही.

इथवर ठीक आहे. घाबरलेला ड्रायव्हर, एखादी जंगलातली वाट, पुन्हा त्याच जागी... असं मी स्वतःला समजावलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रितिका हॉस्पिटलमध्ये आली ती मोबाइल पुढे करूनच. पवनारपासून तिचं ट्रेकचं ॲप सुरू होतं, गेलेल्या रस्त्याची रेघ काढणारं. बोर धरणापासून निघालेली रेघ डोंगरातून नीट येते आणि जळक्या मोहापाशी थांबते. एकदाच. एकही फेरा नाही, मागे वळणं नाही.

"ताई, आपण गोल फिरलोच नाही," ती म्हणाली. "पण मी ते झाड तीनदा पाहिलंय."

सॅटेलाइट गेलं असेल, असं कुणीतरी म्हणालं. असेलही. आम्ही सगळे घाबरलेलो, एकमेकांचं ऐकून सगळ्यांना तसंच वाटलं असेल. तेही असेल. मी मान डोलावली. बाबा जागे झाले, तशी त्यांना चहा पाजायला बसले. माझ्याकडे बघत बाबा म्हणाले,

"बाई, तुमची हिरवी गाडी दोन खेपा तशीच गेली. मी किती हाका मारल्या! तिसऱ्या खेपेले थांबली."

मामांनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

कालची भाजी कुठली ते बाबांना सांगता येत नाही. आईचं नावही कधी कधी आठवत नाही. मग हे त्यांना कुणी सांगितलं? रितिकाने ॲप दाखवलं तेव्हा ते झोपले होते. खरं सांगायचं तर आता मी याचं उत्तर शोधतही नाही. ज्याने कुणी माझ्या मामांना रस्ता चुकवला, त्याचे उपकार माझ्याने फिटणार नाहीत.

टूर सुरू आहे. त्या वळणावर आम्ही दर वेळी इंजिन बंद करून थोडं थांबतो. पोरं विचारतात का, तर मी सांगते, ऐका जरा. घरी परत आल्यावर बस अंगणात लागली की बाबा खुर्चीतून वाकून बघतात आणि दर वेळी एकच विचारतात.

"थांबली का?"

"थांबली, बाबा," मी म्हणते.

"मंग या बाई, चहा घ्या."

मी घेते.