मापात नसलेली खुर्ची

त्याला सगळं गाव ‘पुन्हाएकदा मिस्त्री’ म्हणायचं. तोंडावर नुसतं मिस्त्री, आणि पाठ वळली की पूर्ण पदवी. घरात लाकडाची शेगडी बसवायची, तिचं धुराडं छपरातून वर काढायचं, दरवर्षी थंडीआधी ते आतून झाडून द्यायचं, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. काम एकदम चोख, तक्रार एकच. हा माणूस काम संपवून, हत्यारं गाडीत टाकून, सगळ्यांचा निरोप घेऊन निघायचा आणि गल्लीच्या टोकावरून परत यायचा. ‘‘पुन्हा एकदा बघतो,’’ म्हणायचा. मग शेगडी आणि भिंत यांच्यामध्ये टेप लावायचा, धुराड्याच्या सांध्यांवरून बोट फिरवायचा, शेगडी पेटलेली असली तर तिच्या मागच्या भिंतीवर तळहात टेकवून दहा आकडे मोजायचा. दहापर्यंत हात टिकला तर ठीक. आठव्यालाच काढावा लागला तर शेगडी पुढे ओढायची, मग घरमालकाने कितीही तोंड वाकडं केलं तरी.

ही खोड जन्मजात नव्हती. धंद्यात नवा असताना त्याने एका दुमजली घरात शेगडी बसवली होती. धुराडं छतातून वर नेताना त्याचा नळ आणि छताची लाकडी फळी यांच्यात चार बोटं जागा सोडायची, ती त्याने सोडली नाही. घाई होती, दुसरं काय? दुसऱ्या दिवशी पक्कड विसरली म्हणून तो परत गेला आणि सहज वर बघितलं, तर छताची फळी करपून तपकिरी झाली होती आणि तिच्या कडेने बारीक धूर निघत होता. वरच्या खोलीत तीन मुलं खेळत होती. एका बादलीत काम भागलं, कोणाला ओरखडाही आला नाही. घरमालकाने तर त्याचे आभार मानले. पण पक्कड विसरली नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या दिवशी त्याच्या मानगुटीवर बसला तो बसलाच.

तेव्हापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली. जेवायचा तो अर्धा वेळ उभा राहून. पाहुणे आले की पाहुणे बसायचे आणि हा खिडकीच्या बिजागऱ्या तपासायचा. बायकोने कधीच हात टेकले होते. घरातला नळ गळायला लागला तर ती आधी तो दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्यायची आणि मग याला सांगायची, तेही लक्षात राहिलं तर. आपल्यापासून माणसं बारीकसारीक गोष्टी लपवतात हे त्या शहाण्याच्या गावीही नव्हतं. सगळीकडचे सांधे तपासणाऱ्याला एवढं कळायला नको होतं का? पण नव्हतं कळत, हे खरं.

गावाच्या वरच्या अंगाला त्याची थोरली बहीण राहायची. त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे त्याच्या बुटाच्या नाड्या बांधण्यापासून त्याच्या लग्नात अंगरखा शिवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलेलं. आता ती एकटी होती आणि गुडघ्यांनी तिचा पिच्छा पुरवला होता. म्हणून गेल्या वर्षी थंडीआधी त्याने तिच्या बैठकीच्या खोलीत बिडाची शेगडी बसवली. भिंतीपासून पुरेसं अंतर, खाली आणि पुढे दगडी फरशी, ठिणगी उडाली तरी लाकडी जमिनीवर पडायला नको. ताईच्या खिडक्या नव्या आणि घट्ट, आणि विस्तवाला जळायला हवा तर लागतेच. म्हणून शेगडीच्या बरोबर समोरच्या भिंतीत, जमिनीलगत, वीतभर भोक पाडून त्याला जाळी लावली. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा लावला. त्या वायूला ना रंग ना वास, तो खोलीत साठला की माणूस बसल्या जागी पेंगायला लागतो आणि मग उठत नाही, हे त्याने तिला तीनदा सांगितलं. लाकडं वर्षभर वाळलेलीच घ्यायची, दोन लाकडं एकमेकांवर आपटली की खणखणीत आवाज आला पाहिजे. राख पत्र्याच्या बादलीत काढायची, वर झाकण, आणि बादली घराबाहेर, कारण राखेत निखारा दोन दोन दिवस जिवंत राहतो. ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘आणि श्वास कधी घ्यायचा तेही लिहून ठेव,’’ ती म्हणाली.

पुढे दर आठवड्याला तो शेगडी तपासायला जायचा. आधी फोन करायचा, कारण ताईला कोणी अवचित आलेलं चालायचं नाही. भाऊ असला म्हणून काय झालं? ताई दार उघडायला जरा वेळ लावायची, गुडघ्यांमुळे. आत सगळं जिथल्या तिथे असायचं. जाळी स्वच्छ, भोंग्याचा हिरवा दिवा चालू, बटण दाबलं की कान फाटेल असा आवाज. तो चारी बाजूंनी बघायचा, उभ्याउभ्याच पाणी प्यायचा आणि निघायचा. गेटपाशी जाऊन परत यायचा ते वेगळं.

यंदाच्या थंडीत एके सकाळी फोनवर ताई म्हणाली की तीन दिवस डोकं जड आहे, दुपारी नुसती झोप येते. सर्दी असेल, दुसरं काय, असं तिनेच वर जोडलं. तो ‘बरं’ म्हणाला खरा, पण मनात पाल चुकचुकली. गेल्याच आठवड्यात तर सगळं बघितलं होतं. मग? दिवसभर त्याचा हात चालत होता आणि डोकं वरच्या अंगाला. एका गिऱ्हाइकाच्या घरी तो टेप विसरून आला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

बसवत नव्हतं म्हणून उद्याचं कामही त्याने आजच घ्यायचं ठरवलं आणि दुपारी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी जाऊन थडकला. बाईंनी दार उघडलं आणि त्याला बघून त्यांचा चेहरा गृहपाठ न केलेल्या पोरासारखा झाला. त्याने आत जाऊन सवयीने आधी हवेच्या जाळीकडे बघितलं. जाळीत लोकरीचे मोजे कोंबलेले होते, चांगले दोन जोड. इतकी वर्षं तो या घरी येत होता आणि इतकी वर्षं ती जाळी लख्ख असायची.

बाई ओशाळल्या. भोकातून गार वारा येतो, म्हणाल्या. तुम्ही येणार त्याच्या आदल्या दिवशी मी आठवणीने काढून ठेवते, पण आज तुम्ही एक दिवस आधीच आलात.

‘‘मला सांगायचं ना,’’ तो म्हणाला.

‘‘तुम्हाला?’’ बाई म्हणाल्या. ‘‘मिस्त्री, रागावू नका. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही इथून हलला नसतात.’’

त्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला. ताई दार उघडायला वेळ का लावते, हे त्याला त्या क्षणी कळलं. गुडघे नव्हेत. त्याच्या फोननंतर अर्ध्या तासात तिचं घर परीक्षेला बसवल्यासारखं तयार व्हायचं. आणि आता तिचं डोकं तीन दिवस जड होतं, दुपारची वेळ होती आणि दुपारी तिला झोप येत होती.

त्याने फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग बाईंना काही न सांगता, ब्रशचा लांब दांडा हातात तसाच घेऊन तो गाडीत बसला. चढाच्या रस्त्यावर पुढे एक पाण्याचा टँकर चालला होता, अगदी सावकाश, आणि त्याला ओलांडायला जागा नव्हती. तो मोठमोठ्याने काहीतरी बोलत होता. काय ते त्याला नंतर आठवेना.

ताईच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता, तोही अगदी मरतुकडा. स्वयंपाकघराच्या भिंतीतला पंखा मात्र जोरात फिरत होता. म्हणजे घरातली हवा पंखा बाहेर ओढतोय, आणि आत यायची वाट जर बंद असेल तर ती जागा भरायला हवा एकाच मार्गाने येणार, धुराड्यातून उलटी, धुरासकट. घरात शिरायच्या आधी तो बाहेरच्या भिंतीपाशी गुडघ्यांवर बसला आणि दांडा भोकात घातला. दांडा हातभर आत गेला आणि मऊ काहीतरी लागलं. त्याने जोर लावून ते आत ढकललं.

ताईच्या घराची किल्ली त्याच्या जुडग्यात होती, पण आजवर कधी वापरली नव्हती. आज बेल न वाजवता तो आत शिरला. ताई शेगडीसमोरच्या खुर्चीत मान टाकून बसली होती. गाल लालसर होते. हाक मारली तर तिने डोळे अर्धवट उघडले आणि त्याच्या लहानपणीच्या नावाने विचारलं, शाळा सुटली का रे. त्याने तिला काखेत हात घालून उचललं आणि तशीच बाहेर पायरीवर आणली. शेजारच्यांना हाक मारली, रुग्णवाहिका बोलवायला लावली. मग श्वास रोखून आत जाऊन दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि पंखा बंद केला. तेवढ्यात त्याला दिसलं की भोंग्याचा हिरवा दिवा लागलेला नाही. त्याचे सेल टेबलावरच्या रेडिओत होते. जमिनीवर, जाळीपुढे, एक उशी पडली होती. साधं फडकं नव्हे, भोकाच्या मापात नेमकी शिवलेली गोल उशी, आणि पटकन ओढून काढता यावी म्हणून तिला एक नाडी लावलेली. टाके बारीक आणि एकसारखे. मापाला चुकायचं नाही हे त्यांच्या घराण्यातच होतं.

रुग्णालयात ताईला प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले की आणखी तासभर उशीर झाला असता तर, आणि पुढचं त्याने ऐकलं नाही. तीन दिवस तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. चौथ्या दिवशी ताईला घरी आणलं. येताना गाडीत त्याने मनात भाषण जुळवलं होतं. उशी, सेल, पंखा, सगळ्याचा हिशेब एकदाच चुकता करायचा होता. घरात शिरल्यावर त्याने सुरुवातही केली, आवाज चढवून. ताईने दोन वाक्यं ऐकली.

‘‘तुला सांगितलं असतं, तर तू झोपला असतास का?’’ तिने विचारलं.

त्याने जाळीपुढची उशी उचलून हातात घेतली.

‘‘लहानपणापासून बघते आहे तुला,’’ ती म्हणाली. ‘‘त्या करपलेल्या फळीनंतर तर तू कधी नीट टेकलाच नाहीस. म्हटलं, माझ्यामुळे तरी आणखी नको.’’

एवढं बोलून ती चहा टाकायला आत गेली. त्याला रडू आलं. ज्या काळजीने त्याने घरंच्या घरं राखली, तिच्याच धास्तीपायी बहीण मरणाच्या दारात गेली होती, आणि हे कोणाला सांगणार? त्याने खिडकी किलकिली केली, भोंग्यात नवे सेल घातले आणि सवयीने शेगडी पेटवली. लाकूड लागलं, शेगडीच्या दाराची काच नारिंगी झाली, धूर सरळ वर गेला. तळहात भिंतीला टेकवून त्याने दहा मोजले. सगळं बरोबर होतं. आता खरं तर पुन्हा एकदा बघायचं, पण तीन रात्रींची झोप नव्हती आणि पाय उभे राहू देईनात. मग खिडकी लावून घेऊन जवळच्या खुर्चीत तो टेकला. ती ताईची खुर्ची होती.

क्षणभराने त्याच्या गुडघ्यांना गार लागलं. समोर शेगडी, छातीला छान ऊब, आणि पाठीमागच्या जाळीतून जमिनीवरून येणारा वाऱ्याचा झोत खुर्चीखालून सरळ गुडघ्यांना. थंडगार, न थांबणारा. त्याला आठवलं, शेगडी बसवली त्या दिवशी जागा व्हावी म्हणून ही खुर्ची अंगणात काढून ठेवली होती. खोलीतलं एकूण एक माप त्याने घेतलं होतं. ती खुर्ची त्यात नव्हती, आणि नंतर वर्षभर दर आठवड्याला येऊन तो तिच्यात एकदाही बसला नव्हता. उद्या ते भोक बुजवायचं आणि बाहेरची हवा नळाने थेट शेगडीच्या पोटात आणायची, अर्ध्या दिवसाचं काम. पण ते उद्या.

ताई दोन कप घेऊन बाहेर आली. तो खुर्चीत बसलेला बघून दारातच थबकली.

‘‘पाय वर घेऊन बस,’’ ती म्हणाली. ‘‘तिथे फार गार येतं.’’

त्याने पाय वर घेतले नाहीत. चहाचा कप हातात धरून तो बराच वेळ तसाच बसून राहिला. गुडघे दुखायला लागले तेव्हा म्हणाला, ‘‘ताई, आणखी काय काय सांगितलं नाहीस?’’

ताईने स्टूल ओढलं आणि ती त्याच्यासमोर बसली.

‘‘पुष्कळ आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तेवढा वेळ बसणार असशील तर सांगते.’’

‘‘बसतो,’’ तो म्हणाला.