आधी पूजा, मग पाणी

मन्मथअप्पांच्या किराणा दुकानात साखर-पत्ती मागायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. "साफ झालं का?" मांजरसुंब्याच्या चौकात ट्रक लावून बिडी घ्यायला आलेला परका ड्रायव्हरही यातून सुटत नसे. मी शेजारीण, त्यात बाईमाणूस. नुसती मान हलवायची. अप्पा म्हणायचे, "नशीबवान हाईस, पोरी. ज्याचं पोट येळंवर साफ, त्यो राजा."

स्वतः अप्पा मात्र जन्माचे रंक. एरंडेल, इसबगोल, हरडे, सगळं जिरवून पोट तसंच. पुढे अन्न तुटलं, गालफडं बसली. एकदा पुडी बांधता बांधता म्हणाले, "आतमदी गाठ हाय माझ्या. कारभारीन अशीच गेली." मला भरून आलं, आणि भरून आलं की मी चिडते. "गाठ असली तर कळू द्या तरी!" म्हणत मी आणि त्यांच्या सुनेनं, सुनंदानं, त्यांना अंबाजोगाईला नेलं. तपासण्यांत काही निघालं नाही. पण पोट हलेना, तेव्हा तिथल्याच एका डॉक्टरांनी ॲक्युपंक्चर करणाऱ्या बाईंकडे पाठवलं.

सुया बघून अप्पा ताडकन उठून बसले. "कावून टोचता, बाई? मी काय गोधडी हाय?"

तरी पोटावर, पायांवर बारीक सुया लागल्या आणि अप्पा गळ्यातलं पूजेचं इष्टलिंग मुठीत धरून निपचित पडले. बाईंनी सहज विचारलं, "सकाळी पाणी कधी पिता?"

"पूजा झाल्यावर."

"आणि पूजा?"

"पोट साफ झाल्यावर. पारोशा पोटानं लिंग हातावर घ्यावं का?"

"आणि नाहीच झालं साफ?"

"मंग वाट बघायची. कदी कदी दुपार व्हती."

"तोवर पाणी?"

"थेंब न्हाई!" अप्पा अभिमानानं म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. बीडच्या उन्हाळ्यात हा माणूस दुपारपर्यंत कोरडा! सुनंदा बिचारी समजत होती, दुकानात पीत असतील.

बाई हसल्या नाहीत. "जे लिंग रात्रंदिवस छातीवर बाळगता, ते सकाळीच तुमच्या पोटाला कसं विटेल, अप्पा? उठल्या उठल्या तांब्याभर पाणी. नाहीतर माझ्या सुया वाया."

अप्पांनी मूठ उघडून लिंगाकडे बघितलं. "आमच्या मठातल्या सामींनी ह्ये कदी सांगितलं न्हाई."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"न्हाई बा. लाज वाटती की."

अख्ख्या महामार्गाला विचारणारा माणूस हा!

आणखी काही खेपा झाल्या. एका सकाळी आमच्या दारावर थाप पडली. दारात अप्पा, ओलं अंग, कपाळावर विभूती. "झालं!" एवढंच म्हणाले आणि डोळे पुसू लागले. मीही रडले, हसत हसत. गुण सुयांचा की पाण्याचा, यावर चौकात वाद रंगला. अप्पा म्हणत, "सुयांनी वाट केली, पान्यानं गाडी काढली. भांडू नगा." दुकानातला प्रश्नही बदलला. "पानी पिलं का?" विचारून ते ड्रायव्हरपुढे तांब्याच धरत.

गेल्या श्रावणात एका सकाळी सुनंदाची हाक ऐकून मी धावले. अप्पा देवघरासमोर भिंतीला टेकून बसले होते. चेहरा शांत, कपाळावरची विभूती अजून ओली. सुनंदा हंबरडा फोडत होती. माझी नजर मात्र कोपऱ्यातल्या त्यांच्या अंथरुणाच्या उशाशी ठेवलेल्या तांब्याकडे गेली. रिकामा होता.

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "रडू नको गं. सगळं करून गेलेत."