रिकामी छाती

दिवसभर ती एवढंच बोलायची. श्वास घ्या. सोडा. आता थांबा. मग काचेपलीकडचं एमआरआयचं यंत्र ठोकाठोक करायचं, आणि पेशंटबरोबर नकळत तिचाही श्वास थांबलेला असायचा. इतकी वर्षं झाल्यावर ही खोड आता सुटण्यातली नव्हती. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत अंगातला जीव गेलेला असायचा. नवरा म्हणायचा, "दुनियेला श्वास सोडायला सांगतेस, घरी येऊन आमच्यावर तरी सोड एखादा." ती हसायचीसुद्धा नाही. हसायलाही दम लागतो.

त्या दिवशी शेवटचा पेशंट म्हणून तिचा धाकटा दीर आला. तो तलावावर मुलांना पोहायला शिकवायचा; मुलं त्याला बेडूक म्हणत आणि त्याला ते आवडायचं. साधा ताप येऊन गेला, आणि मागोमाग छातीत कळ. रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या, पण रक्ताची तपासणी सांगत होती की हृदयाला इजा झालीय. स्नायूला सूज आहे का, ते या फोटोंतच दिसणार होतं. असली, तर पाणी बंद, कितीतरी महिने. सुजलेल्या हृदयानं जोर केला तर ठोका भरकटतो, आणि पाण्यात भरकटलेल्याला सावरायला कोणी वेळ देत नाही.

त्यानं पोहण्याची पिशवी बरोबरच आणली होती. इथून थेट तलावावर जायचं होतं.

"वहिनी, श्वास रोखायला तू मला शिकवणार?" आडवा होत तो म्हणाला.

"पडा गुपचूप, भाऊजी."

पहिले फोटो वाया गेले. हृदयाच्या कडा पुसट, प्रत्येक खेपेला जागा वेगळी. तिनं पुन्हा घेतले, पुन्हा तेच. मग काचेतून त्याची छाती नीट पाहिली. माठासारखी फुगलेली. सोडा म्हटलं की तो जरासा सोडायचा, आणि थांबा म्हणायच्या आत गपकन भरून घ्यायचा.

"भाऊजी, सगळा सोडा. रिकामे व्हा, आणि मग थांबा."

"रिकाम्या छातीनं माणूस बुडतो. पोरांना रोज हेच ओरडून सांगतो मी."

"इथं पाणी कुठंय?"

मग माइकमधून बारीक आवाज आला, "भीती वाटते गं."

ती इतकी दमली होती की धीर देणारे शब्दही जड वाटत होते. "मीपण सोडते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "माझाही फार वेळ टिकत नाही आता. छोटेछोटे घेऊ."

मग एकेक तुकडा नीट येत गेला. शेवटी शिरेतून औषध सोडलं, ते मुरायला वेळ दिला. निरोगी स्नायू या फोटोत काळा दिसतो. पडद्यावर हृदयाचं काळं कडं उमटलं, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला, भिंतीला ओल धरावी तसा पांढरा पट्टा.

तिनं फोटो डॉक्टरांकडे पाठवले आणि बाहेर आली. तो बूट घालत होता. पिशवी बाकावर होती.

"सोमवारी नवीन पोरं येतायत. उतरू ना पाण्यात?"

"डॉक्टर सांगतील."

"ते सांगतीलच. मी तुला विचारतोय."

निकाल सांगणं तिचं काम नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं कुणालाच सांगितला नव्हता. तिनं पिशवी उचलली आणि आपल्या खांद्याला अडकवली.

"डॉक्टरांना भेटू, आणि मग घरी जेवायला चला. ही राहू दे माझ्याकडे."

तो पिशवीकडे बघत राहिला. "जड नाहीये ती," म्हणाला.

"असू दे."

डॉक्टर वरच्या मजल्यावर बसत. सवयीनं तो जिन्याकडे वळला. पहिल्या पायरीपाशी थांबला, मागे फिरला, आणि स्वतःच लिफ्टचं बटण दाबलं.