भोंगा झाला, वर्ग बाकाखाली

आता माझी फजिती मीच सांगायची म्हणजे… बरं, सांगते. पण चहा संपेपर्यंत कुणी हसायचं नाही!

चिखल्याहून भंडाऱ्याच्या कॉलेजात येऊन मला आठवडा झाला होता. बाबा खाणीत कामाला. सोडून जाताना बजावून गेले होते, "पाह्य बेटा, शनिवारी येतो. मन लागलं असन तं राह्य, नाही तं माह्यासंगं वापस चाल."

मन कसलं लागतंय! दार वाजलं तरी मी दचकायची. पण परत जायचं नव्हतं. परत म्हणजे थेट लग्नच की!

शनिवार उजाडला आणि नेमके त्याच दिवशी प्राचार्य वर्गावर आले, नव्या मुलांची विचारपूस करायला. "घाबरता कशाला? सांगा, पुढं काय व्हायचंय?" माझी पाळी आली. उभी राहिले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात खिडकीबाहेर भोंगा झाला!

आता आमच्याकडे भोंगा झाला की खाणीत सुरुंग उडतो. आधी आडोसा धरायचा, विचार मागाहून.

"सुरुंग! खाली बसा!" मी किंचाळले आणि शेजारच्या सुमनला वेणी धरून बाकाखाली ओढलं.

"अवं, कायले ओढून राहिली मले?"

"डोकं झाक पह्यले!"

तिनं झाकलं. तिचं पाहून पुढचा बाक खाली, मग सगळी मुलं. आणि प्राचार्य? धोतर सावरत टेबलाखाली!

काहीच उडेना.

टेबलाखालून आवाज आला, "अगं, उठायचं कधी?"

"दुसरा भोंगा झाला की, सर."

आणि आम्ही वाट बघत बसलो हो! शेवटी चपराशी डोकावला.

"सर, काही हरपलं का जी? भोंगा? तो बाजूच्या राइस मिलचा. जेवणाच्या सुट्टीचा, आजपासून लावला. दुसरा आता संध्याकाळी!"

मी रडायच्या बेतात, तोच दारात बाबा! "मन नाही लागलं ना बेटा? चाल वापस." संपलं, म्हटलं. भरा पेटी.

प्राचार्य गुडघे झटकत म्हणाले, "आठवड्यात अख्खा वर्ग हिच्या शब्दावर उठतो-बसतो, मीसुद्धा! हिला कुठं नेता? उत्तम मास्तरीण होईल."

बाबा एकटेच बसनं परत गेले.

सोमवारी भोंग्याच्या वेळेला सगळा वर्ग माझ्याकडं टक लावून. भोंगा झाला. मी हलले नाही! मान ताठ. सुमन म्हणाली, "वा वं! सुधरली तू."

तेवढ्यात मागं कुणाच्या तरी डब्याचं झाकण खणकन पडलं.

सुमनशी पुढचं बोलणं मी बाकाखालूनच केलं.