सैल साखळी

७ डिसेंबर. लेकीचे स्वेटर उन्हात घालताना तिचं पहिलं टोपडं सापडलं, डांबरगोळ्यांच्या वासाचं.

१९९६ साली ती सातव्या महिन्यातच जन्मली. काचेच्या पेटीत होती, हात लावायची परवानगी नव्हती. जन्माआधी बाळाचं काही विणायचं नाही अशी रीत, म्हणून घरात टोपडंसुद्धा नव्हतं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या आपल्या सुनेपाशी बसलेल्या, सायखेड्याच्या एका मावशींनी माझ्या हातात क्रोशाची सुई दिली. माझी टाक्यांची साखळी इतकी घट्ट, की पुढच्या ओळीला सुई शिरेना.

"आगं, धाग्याचा गळा आवळती का? ढिलं सोड."

"जगेल का हो ती?"

"मला काय ठावं? तू ईण."

तेव्हा त्यांचा राग आला. आता वाटतं, धीर देण्यासाठी खोटं न बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स म्हणाली, "आहे अजून." मी सगळं उसवलं आणि पहिला टाका सैल घातला.