महादेवीचा उजवा खांदा

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते ज्वारी निवडायचं. गच्चीवर पोतं अंथरलं होतं, ऊन उतरत होतं, आणि महादेवी, म्हणजे माझी बायको, समोर मांडी घालून बसली होती. मी माझं ताट निवडून बाजूला ठेवलं की ती ते उचलायची आणि पुन्हा निवडायची. दोन वर्षं तिचं हे चाललं होतं. मी म्हणालो, "माझं काम पटत न्हाय व्हय तुला?" ती म्हणाली, "तुमी टावेल विननारी मानसं. तुमाला दाना आन खडा सारकाच." मला वाटलं, बायकांना पुरुषाचं काम पटत नसतंच.

तेवढ्यात आमच्या शहराच्या होटगी रोडच्या विमानतळावरून एक लहान विमान उडालं असावं, कारण तिनं मान वर केली. बोटानं दाखवून मला म्हणाली, "बघितलं का?"

"बघितलं की," मी म्हणालो. मला आभाळाशिवाय काही दिसलं नव्हतं.

'बघितलं का' ही तिची मला हाक मारायची पद्धत होती. आमच्याकडच्या बायका नवऱ्याला 'ऐकलं का' म्हणतात. लग्नानंतर चार-पाच वर्षं तीही तसंच म्हणायची. पण टॉवेलच्या कारखान्यात मी यंत्रमागावर उभा राहिलो आणि मागांच्या खडखडाटानं माझे कान खाल्ले. एक दिवस तिनं तीनदा हाक मारली, मी वळलो नाही. तेव्हा समोर येऊन उभी राहिली, म्हणाली, "ऐकलं का म्हनून काय उपेग? आजपासनं बघितलं का म्हननार." शेवटपर्यंत तेच म्हणाली.

मी सातवी नापास. ती दहावी शिकलेली, माहेर अक्कलकोटचं, कन्नड आणि मराठी दोन्ही घडाघडा. इथल्या नवी पेठेत एका फोटो स्टुडिओत ती आधी फोटो धुवायला आणि कापायला लागली. मालकाचा हात थरथरायला लागल्यावर फोटोही तीच काढायला लागली. पासपोर्टचे, शाळेच्या दाखल्याचे, मुलगी दाखवायचे. पस्तीस वर्षं तिनं समोरच्या माणसाला एकच गोष्ट सांगितली: हलू नका. मोबाइल आले आणि स्टुडिओ बंद पडला. मालकानं जाताना एक कॅमेरा आणि लांब नळीची एक जुनी लेन्स तिला देऊन टाकली. लोकांना वाटलं, म्हातारी आता नातवंडांचे फोटो काढत बसेल.

आमची मुलगी सुरेखा पुण्यात लोहगावच्या बाजूला राहते. तिच्याकडे गेलो असताना गच्चीवर कपडे वाळत घालताना डोक्यावरून एक लढाऊ विमान गेलं. महादेवीच्या हातातली चादर खाली पडली. मला वाटलं, घाबरली. तर ही धावत खाली गेली आणि कॅमेरा घेऊन वर आली. दुसरं विमान तासानं आलं, तोवर ती उन्हात उभी. त्याचं शेपूट तेवढं तिला मिळालं. मी म्हणालो, "ह्या वयात काय हे खूळ?" तर म्हणाली, "जलमभर लोकास्नी हलू नका म्हनले. आता जे कुनाच्या बापाचं ऐकून थांबत न्हाय, ते धरायचंय मला."

तेव्हापासून आम्ही एक वर्षाआड बंगळूरला जायला लागलो. तिथं लष्करी विमानांच्या कसरतींचं मोठं प्रदर्शन भरतं. आत जायचा पास आम्हाला कोण देणार? विमानतळाच्या कुंपणाबाहेर एका बाईचं अर्धवट बांधलेलं घर होतं, त्याच्या गच्चीवर उभं राहायचो. महादेवीनं त्या बाईला कन्नडमध्ये विचारलं. ती बाई तिची अक्कलकोटची कन्नड ऐकून पदर तोंडाला लावून हसली, आणि "बन्नी अक्का" म्हणत वर घेऊन गेली. दर वेळी महादेवी आधी त्यांच्या घरादाराचा एक फोटो काढायची, मग विमानांचे.

त्या गच्चीवर मोठमोठ्या लेन्स घेतलेली शहरातली पोरंही असायची. ती आधी हिला हसायची, नंतर शिकायला मागं उभी राहायची. ही लुगड्याचा पदर खोचून, गळ्यात आमच्या कारखान्यातला ओला टॉवेल टाकून उभी. कोपरं बरगड्यांना चिकटलेली. पाय हलायचे नाहीत, कंबर फिरायची, सुपात धान्य पाखडताना फिरते तशी. विमानाबरोबर कॅमेरा फिरवत न्यायचा आणि फिरता फिरताच दाबायचं, मध्येच थांबलं की फोटो पुसला. एका पोराचा कॅमेरा एका दमात पन्नास फोटो काढायचा. ही त्याला म्हणाली, "बाळा, बंदूक हाय का ती? एकदा दाब, पन बघून दाब." अकरा वाजून गेले की स्वतः कॅमेरा खाली ठेवायची. तापलेल्या जमिनीवरची हवा हलते, सगळं लाटा आल्यासारखं दिसतं. "ऊन चढलं की फोटू उकळतोय," म्हणायची, आणि भाकरी सोडायची.

माझं काम काय, तर मी तिचे डोळे होतो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. कॅमेऱ्याला डोळा लावला की माणसाला एवढासा चौकोन दिसतो, बाजूनं काय येतंय ते कळत नाही. ऐकू येणारा माणूस आवाजाकडे बघतो, आणि जोरात जाणारं विमान आवाजाच्या कितीतरी पुढं गेलेलं असतं. महादेवी म्हणायची, "आवाजाकडं बघनाऱ्याला निस्तं आबाळ घावतंय." मला आवाजाचा त्रासच नव्हता. मी आभाळाची कड धरून नुसता बघत राहायचो आणि सगळ्यांच्या आधी मला ठिपका सापडायचा.

सांगायचं कसं? त्या गडगडाटात ओरडून उपयोग नाही. मागावर आम्ही हातानं बोलायचो, तसंच इथं केलं. मी तिच्या मागं उभा राहून दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवायचो. डावीकडून आलं तर डावा खांदा दाबायचा, उजवीकडून तर उजवा. विमान जसं जवळ येईल तसा दाब वाढवायचा. पोरं हळूच हसायची. हसू देत. चारचौघांत बायकोला हात लावायची आमची रीत नव्हती. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मी उघड्यावर तिला धरून उभा राहिलो तो तेवढाच, त्या परक्या गावातल्या गच्चीवर. बहिरा, न शिकलेला, कारखाना सुटलेला माणूस मी, मला दुसरीकडं कुठं कोण विचारत होतं? तिथं माझ्यावाचून तिचं अडत होतं.

तिला एकच फोटो हवा होता. दोन विमानं समोरासमोरून येतात, आता आदळणार असं वाटतं, आणि डोळ्यांसमोर एकमेकांना ओलांडून जातात. ओलांडताना दोन्ही एका फोटोत हवी होती. तीन खेपांत जमलं नाही. एकदा एकाचं नाक आलं, दुसऱ्याचं शेपूट. ती म्हणाली, "नवरा एका फोटूत, नवरी दुसऱ्यात. असलं लगीन कुनी लावतंय व्हय?"

चौथी खेप दोन वर्षांपूर्वीची. त्याच्या आधीच माझ्या डोळ्यांवर साय आल्यासारखं व्हायला लागलं होतं. जवळचं दिसायचं, लांबचं पांढरं पांढरं. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सुरेखानं जाऊ दिलं नसतं. आणि खरं कारण सांगतो, त्या पोरांतला एखादा चांगल्या डोळ्यांचा पोरगा म्हणाला असता, "आजी, मी सांगतो की तुम्हाला," आणि मी खाली बाईच्या ओट्यावर बसलो असतो, पिशव्या सांभाळत.

शेवटचा दिवस होता. दोन विमानं दोन टोकांना निघून गेली. आता ती वळून समोरासमोर येणार हे सगळ्या गच्चीला माहीत होतं. डावीकडचं मला मिळालं. उजवीकडं मी बघत राहिलो, बघत राहिलो, आणि एक काळा ठिपका दिसला. मी तिचा उजवा खांदा दाबला. चांगला दाबला. ती वळली, आणि कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवत नेला.

ती घार होती.

विमानं आमच्या डाव्या अंगाला एकमेकांना ओलांडून गेली. पोरं टाळ्या वाजवत होती. महादेवीनं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बघितलं, मीही वाकून बघितलं. घारीचं एकेक पीस मोजता आलं असतं, इतका तो फोटो चांगला होता. मागं रिकामं आभाळ.

तिनं गळ्यातल्या टॉवेलानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मीच जास्त वळले वो. हात गेला माझा."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. माझा डोळा गेलाय, तुझा हात नाही, एवढंच. मी पिशवी उचलली आणि जिना उतरलो. गाडीत तिनं कॅमेरा टॉवेलात गुंडाळला आणि घरी आल्यावर लोखंडी कपाटात ठेवून दिला. पुन्हा काढला नाही. कोणी विचारलं तर हात पुढं करून दाखवायची, "कापतोय." तो हात मी रोज बघत होतो. ती सुईत दोरा एका झटक्यात ओवायची. तो हात कापत नव्हता.

मग तिला कळलं होतं का? खांदा तिचा होता, दाब तिलाच कळला असणार. कळलं असेल तर बोलली का नाही? तिनं मला पदराखाली घेतलं असं मी म्हणणार नाही. बरं वाटावं म्हणून म्हटल्यासारखं होईल ते.

ज्वारी निवडली त्या दिवशी दुपारी सुरेखाचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात बंगळूरचं प्रदर्शन होतं, आई जाणार का, विचारत होती. महादेवी म्हणाली, "न्हाय गं. हात ऱ्हायला न्हाय आता." मी समोर बसलो होतो, तिच्या ओठांवरून सगळं कळत होतं. संध्याकाळी पोतं झटकताना ठरवलं, आता सांगायचं. जेवताना ती दमलेली दिसली. म्हटलं, उद्या सकाळी चहाला सांगू.

सकाळी ती माझ्याआधी उठली, चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बसली. तशीच गेली. आधण आटून पातेलं करपलं, त्याचा वास आला तेव्हा मी जागा झालो. तिनं हाक मारली असेल का, हे मला विचारू नका.

दुपारपर्यंत पुण्याहून मुलगी-जावई आले. दिवस मावळायच्या आत माती झाली. लोक येत होते, माझ्या कानाशी ओरडून काहीबाही सांगत होते. सगळे म्हणाले, सोनं झालं तिचं. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली आणि चपला घातल्या. सुरेखा दारात आडवी आली.

"अप्पा, काल माती झाली. आज कुटं निघालात?"

"डोळ्याच्या दवाखान्यात."

"आजच? लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे."

ती बरोबर येते म्हणाली. मी नको म्हणालो. चालत गेलो. दवाखान्यात बाकावर रांग होती, म्हाताऱ्या-कोताऱ्यांची, प्रत्येकाशेजारी कोणीतरी बसलेलं. माझ्या बाजूची जागा रिकामी होती, तिथं मी टोपी ठेवली. नंबर आल्यावर पांढऱ्या कोटातल्या मुलीनं मला खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकला आणि समोर भिंतीवरच्या तक्त्याकडं बोट केलं. मग कानाशी येऊन विचारलं, "आजोबा, वरची ओळ दिसती का?"

"दिसत न्हाय."

मी बहिरा माणूस, माझा आवाज मोठाच येतो. बाकावरचे सगळे वळून बघायला लागले.

"कधीपासनं?"

"दोन वर्सं झाली. जास्तच."

"घरात कुनाला सांगितलं न्हाई?"

"न्हाय सांगितलं."

तिनं दुसरा डोळा झाकला, तक्त्याजवळ जाऊन सगळ्यांत मोठ्या अक्षरावर पट्टी ठेवली. परत आली, माझ्या खांद्याशी वाकून म्हणाली, "आजोबा, जरा हळू बोला. हे दिसतंय?"

"दिसत न्हाय," मी म्हणालो, तेवढ्याच मोठ्यानं.